व्हीलचेअरवरून संगीत नाटक: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुठे आणि कसं जमतं?

अनगोळकरीण

थंडी सुरू झाली की आपल्याकडे नाटकांचे बोर्ड लागायला लागतात आणि घरात दरवर्षीची चर्चा सुरू होते, जायचं का, जमेल का. म्हणून एकदाचा धागाच काढते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही बाजूचे असा. व्हीलचेअरवरून नाटकाला, त्यातही संगीत नाटकाला, गेला असाल किंवा घरातल्या कुणाला नेलं असेल, तर लिहा.

माझ्याबद्दल थोडक्यात. अपघातात मणका दुखावला, कमरेखाली काही कळत नाही. हाताने चालवायची साधी, घडीची खुर्ची आहे. घरात, गल्लीत, शाळेत (शिकवते मी) माझं काही अडत नाही. नाटकाला जायचं म्हटलं की अडतं.

आधीच सांगते, 'आत जाता येतं का' हा माझा प्रश्नच नाही. आत जाता येतं. बेळगावात उचलायला हात कमी पडत नाहीत. प्रश्न आत गेल्यानंतरच्या साडेतीन तासांचा आहे. संगीत नाटक म्हणजे दोन तासांत आटोपणारं प्रकरण नव्हे. नांदी रंगायला वेळ लागतो, दोन-दोन मध्यंतरं असतात, त्यात गाणाऱ्याचा गळा तापलेला असला की वन्स मोअर. आणि आपलं पब्लिक वन्स मोअर घेतल्याशिवाय सोडत नाही. मलाही तो हवाच असतो. फक्त त्याच वेळी डोक्यात घड्याळ चालू असतं, कारण तिथलं बाथरूम मला वापरता येत नाही.

दार दोन फुटी. माझ्या खुर्चीची बैठक अठरा इंच, पण चाकं आणि हाताने फिरवायच्या कड्या धरून ती बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते. म्हणजे घोडं अडतं ते दोन इंचांवर. आत परत उंबरा, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. समजा गेलेच आत, तर दार लावणार कसं? त्यामुळे नाटकाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर पाणी बंद. खुर्चीवरच्या कुठल्याही बाईला विचारा, लग्न असो, बारसं असो की नाटक, हाच नेम.

दुसरी गोष्ट बसायच्या जागेची. गेल्या हंगामात एका नाट्यगृहात मला बाजूच्या दाराशी नेऊन ठेवलं. तिकीट तिसऱ्या रांगेचं, भाची तिसऱ्या रांगेत आणि मी भिंतीला. उशिरा येणारा प्रत्येक जण तेच दार ढकलणार. नायिका तान संपवून समेवर यायच्या आधी क्षणभर थांबली, ती जीवघेणी जागा, आणि नेमकी तेव्हाच बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारली. तबलजी माझ्यापासून हाताच्या अंतरावर. डग्गा थेट पोटात, गाणं मात्र पलीकडच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून. मध्यंतरात भाचीने वडा आणून दिला तेवढीच काय ती आमची भेट.

तर खुर्चीसकट रांगेत, आपल्या माणसांबरोबर बसता येईल असं ठिकाण कुणाला माहीत आहे का? आणि तिकीट काढताना तुम्ही नेमकं काय विचारता?

खानापूरचा_पावणा

अक्का, एवढं कशाला टेन्शन घेतायसा ओ? नाटक कधी हाय तेवढं सांगा, चार पोरं घेऊन येतो. खुर्चीसकट उचलतो आणि पायजे तिथं ठेवतो. आमच्या गावात नाटक असलं की आज्जाला असंच न्हेत होतो, पार स्टेजच्या म्होरं. रॅम्प-बिम्प सगळं पुण्या-बेंगळूरचं फॅड. आपल्याकडं माणुसकी हाय की अजून.

सुरपेटी

पावण्यांना अनुमोदन. धाग्याची खूण साठवली.

अनगोळकरीण

पावणं, शब्द दिलाय तो मी धरून ठेवते हं. खरं, उचलण्याबद्दल जरा लिहिते, कारण उचलणाऱ्यांना कुणी सांगतच नाही.

माझ्या खुर्चीचे हात निघतात. धरायला सगळ्यात सोपे तेच दिसतात, म्हणून पहिला माणूस तेच धरतो आणि ते त्याच्या हातात येतात. पाय ठेवायच्या पट्ट्यांचं तेच. चाक धरलं तर ते फिरतं. धरायचं ते मागच्या दोन मुठी आणि पुढची खालची चौकट, तीही निघणारी नाही ना हे आधी हलवून बघून. खुर्ची मागे कललेली हवी आणि चढताना काय, उतरताना काय, माझं तोंड कायम पायऱ्यांच्या उतरत्या बाजूला. म्हणजे चढताना पाठमोरी, उतरताना समोरून. आणि 'हं, एक-दोन-तीन' कोण म्हणणार ते मी ठरवणार. चौघांचे चार आकडे सुरू झाले की खुर्ची तिरकी होते.

हे सगळं जमलं तरी दोन गोष्टी उरतात. तुमचा आज्जा आणि मी यात फरक आहे. चार परक्या पुरुषांच्या हातांवरून, साडी सावरत, पायऱ्यांवर गप्पा मारत उभ्या असलेल्या निम्म्या ओळखीच्या लोकांमधून वर जायचं. त्यात शाळेतली दोन-चार पोरं आणि त्यांचे आई-बाप असतातच. आणि दुसरी, नाटक सुटल्यावर ते चौघे कुठे असतात? येताना सगळे उत्साहात, जाताना सगळ्यांना पार्किंगमधून गाडी आधी काढायची असते. रिकाम्या हॉलमध्ये झाडूवाल्या मावशींबरोबर बसून राहिलेय मी. मावशी चांगल्या होत्या, तो भाग वेगळा.

खानापूरचा_पावणा

हात निघतात हे म्हाईत नव्हतं बगा. आज्जाची खुर्ची आपली साधी लाकडी.

तिसरी_घंटा

मी एका हौशी नाट्यसंस्थेत आहे, नाव सांगत नाही. पडदा, लाईट, नटांचा चहा, सगळं बघतो. आमच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो, रागावू नका ताई.

हॉल भाड्याचा असतो. सकाळी ताबा, संध्याकाळी प्रयोग, रात्री सेट टेंपोत. खुर्च्या जमिनीत बोल्टने बसवलेल्या. रांगेच्या टोकाच्या दोन काढायच्या म्हटलं तर हॉलवाल्याची परवानगी लागते आणि ती कुणाकडून घ्यायची हे हॉलवाल्यालाही ठाऊक नसतं. रांगांमधल्या वाटेत व्हीलचेअर लावू दिली तर आमच्या गळ्याशी येतं, कारण काही झालं तर त्याच वाटेने माणसं पळणार. म्हणून आम्ही तुम्हाला दाराशी बसवतो. तिथे वाट मोकळी राहते असं वाटतं, पण दारच अडतं, हे तुम्ही लिहिल्यावर डोक्यात आलं.

पहिल्या रांगेच्या पुढे पाहुण्यांसाठी सुटे सोफे टाकतो ते मात्र हलतात. त्यातला एक बाजूला सारला की एक व्हीलचेअर आणि शेजारी एक सुटी खुर्ची सहज बसते. निम्म्या वेळा पाहुणे दुसऱ्या अंकाला उठून जातातच.

आणि फोनवर 'रॅम्प आहे का' असं कृपा करून विचारू नका. कुणीही 'हाय की' म्हणणार. रॅम्प असतोच, सेटचे फळे आणि पेट्या चढवायचा, मागच्या गल्लीत. तो जातो थेट विंगेत. तिथून प्रेक्षागृहात उतरायला परत पायऱ्या.

मिश्किल_मिरजकर

विंगेतूनच बघा की मग! मी लहानपणी एक अख्खं 'सौभद्र' विंगेतून पाहिलंय. वीणा खांद्याला लावून बशीत चहा ओतून पिणारा नारद प्रेक्षागृहातून दिसत नाही.

अनगोळकरीण

मिरजकर, मोह होतो खरा :) पण विंगेतून गाणाऱ्याची पाठ ऐकू येते.

तिसरी_घंटा, मनापासून आभार. राग कसला, हीच बाजू कळत नव्हती. सोफ्याची युक्ती चांगली आहे, पण तिथून मान मोडते. स्टेज तीन-साडेतीन फूट उंच, आपण अगदी पायथ्याशी, समोर ऑर्गनवाल्याचं डोकं. नायिकेचा शालू दिसतो, पाय कधीच दिसत नाहीत. बरं, मधे कुठे बसावं तर व्हीलचेअरची बैठक हॉलच्या खुर्चीपेक्षा उंच, वर चार बोटं जाडीची गादी. मागचा माणूस दर पाच मिनिटांनी 'मॅडम, जरा' म्हणतो. जरा काय? मान काढून ठेवू?

माझ्या मते उत्तम जागा म्हणजे हॉलच्या मधोमध जी आडवी वाट असते तिच्या लगेच मागची रांग. तिथल्या टोकाच्या दोन खुर्च्या काढल्या की झालं. समोर कुणी नाही, आवाज दोन्हीकडून सारखा, आणि मागची रांग पायरीभर उंच असल्यामुळे माझं डोकं कुणाच्या आड येत नाही. सरकारी मार्गदर्शक मापाप्रमाणे एका व्हीलचेअरला नऊशे बाय बाराशे मिलिमीटर जागा लागते, म्हणजे साधारण तीन फूट बाय चार फूट. दोन खुर्च्यांच्या जागेत होतं. चार फुटांचं तेवढं बघावं लागतं, रांगेतलं अंतर कमी असलं की माझे पाय आडव्या वाटेत येतात.

फिजिओ_गोकाक

अनगोळकर ताईंनी पाणी बंद ठेवण्याचं लिहिलंय त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे सगळे करतात आणि सगळ्यांना त्याचा त्रास होतो. मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीच्या संसर्गाची भीती आधीच जास्त, त्यात पाणी तोडलं की आमंत्रणच. नळी घालून वेळेवर लघवी काढणाऱ्यांना साधारण चार ते सहा तासांचं अंतर सांभाळायचं असतं. घरून निघणं, नाटक, घरी पोचणं मिळून ते सहज उलटून जातं. म्हणून हॉलवर जागा हवीच. आडबाजूला का होईना, नटांच्या मेकअप खोलीला लागून एखादं मोठं बाथरूम असतं. ते आधी बोलून ठेवा.

ज्यांची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे (साधारण टी-६, म्हणजे छातीमागचा सहावा मणका, आणि त्याच्या वर), त्यांनी तर हे हसण्यावारी नेऊ नये. मूत्राशय फार भरलं तर अचानक रक्तदाब चढतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो, चेहरा लाल होतो. अशा वेळी सोबतच्या माणसाने अंक संपायची वाट बघू नये. रुग्णाला ताठ बसतं ठेवावं, आडवं करू नये, अंगावरचं घट्ट काही असेल ते सैल करावं, नळी मुडपली आहे का बघावं, लघवी मोकळी करावी. तेवढ्याने उतरलं नाही तर सरळ दवाखाना.

आणखी एक. गाण्यात रमलात की बूड उचलायचं विसरता. अर्ध्या तासाच्या आत एकदा तरी हातांवर भार घेऊन उठा, नाहीतर पुढे वाका, बाजूला कला. दर पदानंतर टाळ्या वाजल्या की एकदा, असा नेम ठेवला तर वेगळं घड्याळ लागत नाही.

अनगोळकरीण

डॉक्टर, टाळ्यांचं पटलं. माझी दुखापत टी-१० ला आहे, त्यामुळे तो दुसरा धोका मला नाही, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. पाण्याचं ऐकते.

तवंदी_घाट

आम्ही निपाणीचे. आमची केस वेगळी आहे. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे गेलेत, घरात काठीवर चालते. बाहेर जाताना मात्र व्हीलचेअर. चार पावलं टाकू शकते म्हणून ती हॉलच्या खुर्चीत बसते, मला ते सोपं जातं. भांडण होतं ते रिकाम्या व्हीलचेअरवरून. आत आणू देत नाहीत, 'बाहेर ठेवा' म्हणतात. एकदा पार्किंगमध्ये ठेवली तर मध्यंतरात तिच्यावर कुणीतरी हेल्मेटं रचून ठेवलेली. आता घडी घालून शेवटच्या रांगेमागे उभी करतो आणि चाकाला सायकलची साखळी.

निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. आईचं सगळं आयुष्य केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकं बघण्यात गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा दोन दिवस जेवली नाही नीट. आता नव्याने बांधताना तरी आमच्यासारख्यांचा विचार व्हावा, इतकंच तिचं मागणं. शाहू महाराजांच्या काळची वास्तू, १९१५ ची. जुनं रूप ठेवा, पण दोन पायऱ्यांच्या जागी उतार केला म्हणून काही कुणाचा वारसा बुडत नाही.

मलप्रभा_काठ

सौंदत्तीकडचा आहे, मराठी थोडं आमच्या पद्धतीचं, सांभाळून घ्या.

पोलिओमुळे मी तीनचाकी सायकल वापरतो, आणि मला सगळ्यात सोपं कुठलं थेटर वाटतं सांगू? कंपनी नाटकाचा तंबू. जत्रेत कन्नड नाटक कंपन्या तंबू टाकतात तो सपाट जमिनीवर. पायरी नाही, उंबरा नाही, पत्र्याच्या खुर्च्या सुट्या. दोन उचलल्या की माझी सायकल रांगेत. बनशंकरीच्या जत्रेत अशी किती नाटकं पाहिलीत, पहाटेपर्यंत. अडचणी तिथंही आहेत, तंबूचे दोर अंधारात दिसत नाहीत आणि अवकाळी पाऊस झाला की काळ्या मातीत चाक रुतून बसतं. संडासचं तर विचारूच नका. खरं 'आत कसं यायचं' म्हणून कुणाची मनधरणी करावी लागत नाही. गेटवरचा माणूस सायकल बघतो, खुर्ची सरकवतो, झालं. एणगी बाळप्पांसारखा नट आमच्याच तालुक्याचा, असल्याच तंबूतून आयुष्यभर उभा राहिलेला.

आणि मराठी संगीत नाटकवाल्यांनो, तुमचे अण्णासाहेब किर्लोस्कर सुद्धा गुर्लहोसूरचे, म्हणजे आमचेच! १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' केलं, पण माणूस इथला.

सीमाभाग_जिंदाबाद

इथं मराठी नाटकाच्या फलकावर मराठी अक्षर दिसायची मारामार, तिथं रॅम्प कुठून आणायचा? आधी मूळ प्रश्न सुटू दे. १९५६ पासून

(पुढील मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिथे लिहावे. – संपादक)

अनगोळकरीण

संपादक, आभार. एवढंच म्हणते, पायरी मराठीतही तेवढीच उंच आणि कन्नडातही. त्या दाराशी बसवणाऱ्या मॅनेजरशी मी अस्खलित कन्नडात भांडले, जागा मिळाली नाही ती नाहीच.

मलप्रभाकाका, तंबूचं वाचून फार गंमत वाटली. पक्क्या इमारतीत आल्यावरच आपल्याला जोतं आणि पायऱ्या लागतात.

कोर्ट_कचेरी

वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं लिहितो. विनंती-विनवणी करताय ते ठीक, पण हा हक्क आहे हे ध्यानात असू द्या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोक सांस्कृतिक कार्यक्रमाला, करमणुकीला जातात ती खासगी इमारतही त्यात येते. म्हणजे ट्रस्टचा हॉल, कॉलेजचं सभागृह, सगळं. जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, मुदत २०२२ मध्ये संपली. नव्या इमारतीला तर सुगम्यता नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. करमणूक आणि संस्कृती यावर वेगळं कलम आहे, २९ वं.

८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही बंधनकारकच हवीत. त्यामुळे 'ते ऐच्छिक असतंय ओ' हे उत्तर आता टिकत नाही.

तक्रार आधी हॉलच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्या, पोच घ्या. मग जिल्ह्याच्या विकलचेतन (म्हणजे दिव्यांग) व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याच्या कार्यालयात, तिथे नाही हललं तर बेंगळूरला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. अर्ज कन्नडात लिहा, जोडीला इंग्रजी प्रत. यात कुणी अस्मितेचा प्रश्न करू नये, टेबलावरचा माणूस ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत कागद लवकर सरकतो. फोटो जोडा, पण फोटोत मोजपट्टी दिसू द्या. 'दार अरुंद आहे' यापेक्षा 'दार चोवीस इंच आहे' याला उत्तर द्यावंच लागतं.

तिसरी_घंटा

वकीलसाहेब, तक्रार हॉलवर करा हो, दंड शेवटी भाड्यात येऊन आमच्याच बोकांडी बसायचा. हौशी संस्थेला संगीत नाटक म्हणजे आधीच आतबट्ट्याचा धंदा. ऑर्गन, तबला, नेपथ्य, कोल्हापूर-सांगलीहून येणाऱ्या कलाकारांचा गाडीखर्च. पन्नास तिकिटं कमी गेली तर घरून घालावे लागतात.

कोर्ट_कचेरी

म्हणूनच तिकिटांचा खप वाढवा म्हणतोय. एका व्हीलचेअरमागे घरची तीन माणसं येतात, ती आज घरी बसलीत.

चोर्ल्यापलीकडे

मूळचा बेळगावचा, नोकरीने पणजीला. गोव्यात संगीत नाटक अजून जोरात आहे, गावोगावच्या देवळांपुढे उत्सवात नाटकं होतात. देवळाच्या प्रांगणात बसून बघायचं, त्यामुळे खुर्ची नेणं सोपं. जानेवारी २०२३ मध्ये इथे पहिला पर्पल फेस्ट झाला दिव्यांगांसाठी. त्या दिवसांत एवढ्या व्हीलचेअर एका ठिकाणी पाहिल्या की पायऱ्यांवर बसलेले आम्हीच वाट अडवल्यासारखे वाटलो. ताई, या एकदा. फक्त पावसाळ्यात चोर्ला घाटाने नको.

तवंदी_घाट

मिरजेकडे किंवा सांगलीला नाटकाला जायचं असेल तर रेल्वेचं काय? आईला घेऊन जायची इच्छा आहे.

मिश्किल_मिरजकर

बहुतेक गाड्यांना टोकाला दिव्यांगांचा डबा असतो. खुर्चीसकट जाता येतं, दार रुंद. पण तो डबा प्लॅटफॉर्मच्या पार शेवटी येतो, जिथे छप्पर संपलेलं असतं. वेळेच्या बऱ्यापैकी आधी पोचा, आणि डबा पुढे लागणार की मागे ते स्टेशनात विचारून घ्या. ऐनवेळी आईंना घेऊन अख्ख्या गाडीची लांबी पळायची वेळ येऊ नये. परतीचं मात्र आधी ठरवा, भैरवी होईपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते.

तिसरी_घंटा

दोन दिवस गप्प होतो, कारण समितीत विषय काढला. सांगतो काय झालं ते. आमचा पुढचा प्रयोग महिन्याभराने आहे. हॉलवाल्यांशी बोललो. आडव्या वाटेमागच्या रांगेतल्या टोकाच्या दोन खुर्च्या काढू देतायत, बोल्ट आम्ही काढायचे, आम्ही लावायचे, फरशी फुटली तर भरपाई आमची. मेकअप खोलीजवळच्या बाथरूमचं दार मोजलं, साडेबत्तीस इंच. उंबरा नाही. मधल्या बोळात जुने पडदे आणि ट्रंका ठेवलेल्या असतात, त्या हलवतो. नटमंडळींना सांगून ठेवलंय, दोन्ही मध्यंतरांत पहिली पाच मिनिटं ते बाथरूम प्रेक्षकांसाठी. नारदाने कुरकुर केली.

राहिला दर्शनी दरवाजा. सहा इंची दोन पायऱ्या, मग सपाट, मग प्रेक्षागृहाच्या दाराला चार इंची उंबरा. फळ्यांचा उतार करू म्हणतोय. नेपथ्याचे फळे पडून आहेत. किती लांब लागेल?

अनगोळकरीण

वाचून भाचीला फोन केला आधी!

उताराचं माप एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे दोन पायऱ्यांच्या फूटभर उंचीला बारा फूट, आतल्या उंबऱ्याला चार फूट. नेपथ्याचे फळे सहा फुटी असतात ना? 'दोघं ढकलू की, सहा फूट पुरे' असं कुणीतरी म्हणणारच. ऐकू नका. ढकलणारा घसरला की खुर्ची त्याच्यासकट मागे येते, आणि जो एकटा येईल त्याला तर तो उतार भिंतच. रुंदी तीन फुटांच्या वर ठेवा, चार असली तर उत्तम. दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची पट्टी मारा, म्हणजे पुढचं छोटं चाक बाहेर जात नाही. दोन फळ्या रुळांसारख्या समांतर टाकायच्या फंदात पडू नका, मलप्रभाकाकांच्या तीनचाकीचं मधलं चाक कुठे जाणार? वर गुळगुळीत रंग नको, काथ्याची पट्टी किंवा खरखरीत कागद चिकटवा. आणि वरच्या टोकाला खुर्ची वळवायला पाच फूट सपाट जागा हवी, तिथे तिकिटाचं टेबल मांडू नका.

मलप्रभा_काठ

माझं तिकीट धरा. त्या रांगेत दोघं मावतील काय? नसलं तर मी सोफ्यापुढं बसतो, मला मान वर करून बघायची सवय आहे, तंबूतली.

तिसरी_घंटा

काका, दुसऱ्या टोकाच्याही दोन काढतो. बोल्ट काढायला बसलोच आहोत तर चार काय आणि दोन काय. पण बारा फुटांचा उतार एकसंध केला तर ठेवायचा कुठे आणि आणायचा कसा? सहा-सहाचे दोन तुकडे करून बिजागरीने जोडू का?

अनगोळकरीण

चालेल, पण जोडाखाली भक्कम टेकू द्या. मधोमध झोळ पडला की पुढची छोटी चाकं तिथेच रुततात.

खानापूरचा_पावणा

मेव्हण्याचं फर्निचरचं काम हाय, खानापुरात. प्लायवूड आणि बिजागरी तो देतो म्हणालाय, कापून पण देतो. टेंपो माझा. उचलायला पोरं आणणार होतो ती आता फळ्या उचलतील. शनवारी कुठं आणून टाकू, म्होरल्या दारात का मागच्या गल्लीत? आणि प्लाय बारा एमएम चालतंय काय अठरा?

तिसरी_घंटा

मागच्या गल्लीत, सकाळी नऊच्या आत. नंतर भाजीवाले बसतात. अठराच आणा, आणि खाली दर दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या मारून घ्या. बारा वाकतं.